इंजिनाचा आकार मोजण्यापेक्षा इंधन मोजावे

दीर्घ पल्ल्याच्या स्पोर्ट्स कार शर्यतींमध्ये वेगाला आवर घालणे आवश्यकच आहे, परंतु तो इंजिनाचे लिटर, म्हणजे त्याच्या सिलिंडरांचे आकारमान, मोजून घालू नये, असे माझे ठाम मत आहे.

सात लिटरच्या फोर्ड गाड्यांनी 1966 आणि 1967 मध्ये ले मान्स ही फ्रान्समधील चोवीस तासांची शर्यत जिंकल्यानंतर, 1968 पासून प्रोटोटाइप (खास शर्यतीसाठी बांधलेल्या) गाड्यांना तीन लिटरची मर्यादा आली. पाच लिटरपर्यंतची मुभा केवळ ठरावीक संख्येने बांधलेल्या गाड्यांना होती. ती संख्या 25 वर येताच पोर्शने साडेचार लिटरच्या 917 गाड्या तेवढ्याच संख्येने तपासणीसाठी ओळीने उभ्या केल्या. 1969 च्या ले मान्समध्ये पहिल्याच फेरीत 917 चालवणारा जॉन वूल्फ मृत्युमुखी पडला. पुढची दोन्ही वर्षे तीच गाडी जिंकली. वेग रोखण्यासाठी केलेल्या नियमाने नेमके काय रोखले?

याउलट 1982 च्या ग्रुप सी या स्पोर्ट्स कार वर्गाच्या नियमांनी इंजिन मोकळे सोडले आणि इंधन मोजून दिले: 1000 किलोमीटरसाठी 600 लिटर. बेसुमार शक्ती काढणाऱ्याची टाकी शेवटापूर्वीच रिकामी होणार असल्यामुळे अभियंत्यांना थेंबाथेंबाचा हिशेब करावा लागला. त्यातूनच 1988 मध्ये सात लिटरची, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून शक्ती वाढवणारे यंत्र) नसलेली जॅग्वार आणि तीन लिटरची टर्बो पोर्श चोवीस तासांनंतरही एकाच फेरीत राहिल्या. इंधन वाचवण्यासाठी चालकांना वेग कमी करावा लागतो ही प्रेक्षकांची तक्रार खरी होती, तरी त्या मोबदल्यात मिळालेले वैविध्य मला फार मोलाचे वाटते.

पुढे फॉर्म्युला वनप्रमाणे साडेतीन लिटरची, टर्बोविरहित इंजिने सक्तीची झाली. खर्च खासगी संघांच्या आवाक्याबाहेर गेला, 1992 च्या ले मान्सला जेमतेम 28 गाड्या उभ्या राहिल्या आणि त्या मोसमानंतर स्पोर्ट्स कारची जागतिक स्पर्धाच बंद पडली. ही हानी टाळता आली असती, याचे आजही दुःख होते.

आजच्या हायपरकार या सर्वोच्च वर्गात चाकांपर्यंत पोहोचणारी शक्ती मोजून ती सुमारे 500 किलोवॅटवर रोखली जाते, म्हणूनच फेरारीचे तीन लिटरचे टर्बो आणि अॅस्टन मार्टिनचे साडेसहा लिटरचे, बारा सिलिंडरांचे व्ही-12 शेजारी धावू शकतात. इथवर उत्तम, परंतु शर्यतीगणिक प्रत्येक गाडीचे वजन व शक्ती कमीजास्त करण्याची पद्धत मला मान्य नाही, कारण तिच्यात उत्तम गाडी बांधणाऱ्याच्याच पदरी भार पडतो. सर्वांना समान ऊर्जा द्यावी आणि मोसम संपेपर्यंत त्या आकड्याला कोणीही हात लावू नये.