चालतोय ना? मग हात लावू नका!

शेठ, तो आयटीवाला पोरगा पुन्हा कोटेशन घेऊन आला, तर चहा पाजा आणि वाटेला लावा. म्हणे ईमेलचा सर्व्हर बदला! मायक्रोसॉफ्टने आपल्या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे एक्स्चेंज २०१०चा, सपोर्ट १३ ऑक्टोबर २०२० रोजी बंद केला, हे खरं. पण तो त्यांनी बंद केला, आपण कुठे केलाय?

शिवाय हा अपग्रेड म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. २०१०वरून थेट २०१९वर जाता येत नाही, मध्ये २०१३ किंवा २०१६वर मुक्काम करावा लागतो. आणि १४ ऑक्टोबर २०२५ला २०१६ आणि २०१९, दोघांचाही सपोर्ट एकाच दिवशी संपला. म्हणजे मजल दरमजल करत पोचायचं, तर धर्मशाळेलाच कुलूप! पुढे आहे ती सबस्क्रिप्शनवाली आवृत्ती, म्हणजे स्वतःच्या घरात राहून भाडं भरा. २०१९साठी तर कंपनीची शिफारस १२८ जीबी रॅमची. कशाला, तर आपल्या बावीस माणसांनी एकमेकांना ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ लिहून अटॅचमेंट जोडायला विसरावं म्हणून.

क्लाउडवर जा म्हणतील. दरडोई, दरमहा, वर १८ टक्के जीएसटी. त्यात दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या सेल्सवाल्याची मेलबॉक्सही धरायची, कारण निम्मी गिऱ्हाइकं अजून त्यालाच लिहितात.

सुरक्षेची भीती घालतील, घाबरू नका. मार्च २०२१ला जगभर एक्स्चेंज सर्व्हर फोडले गेले, तेव्हा मुख्य तडाखा बसला २०१३, २०१६ आणि २०१९ला. म्हाताऱ्या २०१०च्या वाट्याला कोण जातो? आणि निवृत्त असूनही तेव्हा त्याला एक पॅच, म्हणजे सुरक्षेचं ठिगळ, मिळालाच की. मायबाप आहेत, पुन्हा देतील.

फेब्रुवारी २०२४पासून जीमेलवाले एसपीएफ नाहीतर डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच आपल्याकडूनच आलाय याची खूण, मागतात, नसलं तर मेल स्पॅममध्ये तरी जातो किंवा परत तरी येतो. त्यावर उपाय सोपा आहे. बिल मेल केलं की लगेच फोन करायचा, ‘साहेब, जरा स्पॅममध्ये बघता का?’ तेवढाच संबंध टिकतो. तिथेही नसलं, तर व्हॉट्सअ‍ॅप आहेच.

बॅकअपचं विचाराल, तर ती हार्ड डिस्क सर्व्हरच्याच डोक्यावर ठेवलेली आहे, शोधायला नको. पावसाळ्यात तिथे पत्रा गळतो, तेवढी बादली जरा डावीकडे सरकवा.