विमान लागतं म्हणून गोळी घेऊन कॉकपिटमध्ये बसू नका

'छोट्या विमानात मळमळतं? वैमानिक कधीच सांगणार नाहीत असे सात उपाय' या मथळ्याचा एक मेसेज सध्या घराघरातल्या ग्रुपवर फिरतोय. माझ्याकडे आला तेव्हा मी वाचून सोडून दिला होता. परवा तो माझ्या भाचीने पाठवला. ती बारामतीत सेस्ना १५२ या छोट्या दोन आसनी विमानावर उडायला शिकतेय. खाली तिने लिहिलं होतं, "मावशी, उद्या सकाळी सर्किट्स आहेत. यातली गोळी घेऊ का? आणि सरांना नाही सांगितलं तर चालेल ना?" सर्किट्स म्हणजे धावपट्टीभोवती फेऱ्या घालत उडण्या-उतरण्याचा सराव. मी स्वतः विद्यार्थ्यांना उडायला शिकवते. त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेज वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १) छोट्या विमानात ज्याला उलटी होते त्याच्या कानात दोष असतो, तो वैमानिक होऊ शकत नाही. २) म्हणून इन्स्ट्रक्टरला कळू देऊ नका, फाइलवर नोंद झाली की करिअर संपलं. ३) उड्डाणाआधी अर्धा तास अवोमिनच्या दोन गोळ्या घ्या, नासाचे अंतराळवीरही हेच औषध घेतात. ४) पूर्ण उपाशीपोटी जा. ५) कानात कापसाचे बोळे घाला, म्हणजे दाब आत शिरत नाही. ६) मळमळायला लागलं की डोळे मिटा. ७) आलं चघळा आणि सीटवर वर्तमानपत्र घालून बसा.

आधी दुसरा आणि तिसरा मुद्दा घेते. बाकीच्यांनी फार तर एखादी सॉर्टी, म्हणजे सरावाचं एक उड्डाण, वाया जाईल, या दोघांनी जीव जाऊ शकतो.

अवोमिन आपल्याकडे घरोघरी असते. घाटात गाडी लागणाऱ्या पोरांना आपण ती वर्षानुवर्षं देत आलोय, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. तिच्यात प्रोमेथाझिन असतं. ते जुन्या पिढीचं अँटिहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीवरचं औषध आहे. ते मेंदूत पोहोचतं आणि तिथे झोप आणतं, तोंड कोरडं पाडतं, नजर अंधुक करतं, प्रतिसाद मंदावतो. लांबच्या प्रवासाला ही गोळी आदल्या रात्री घ्यायला सांगतात ती उगाच नाही, दुसऱ्या दिवशीही तिचा अंमल शिल्लक असतो. एसटीत खिडकीशी डोकं टेकून झोपणाऱ्या मुलाला ते चालतं. फायनल अप्रोचवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, वेग, उंची आणि धावपट्टीची रेघ एकाच वेळी सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याला नाही चालत. त्यात मेसेज दोन गोळ्या सांगतो, एक नव्हे. वर आणखी एक धोका आहे. आपण मंदावलोय हे त्या माणसाला स्वतःला कळतच नाही. त्याला छान वाटत असतं, कारण मळमळ थांबलेली असते.

अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक प्रशासनाचं 'पायलट्स हँडबुक ऑफ एरोनॉटिकल नॉलेज' जगभरचे विद्यार्थी वाचतात, आपल्याकडचेही वाचतात. त्यातल्या वैद्यकीय प्रकरणात हे साफ लिहिलं आहे की ड्रामामाइनसारखी औषधं प्रवाशांची मळमळ रोखू शकतात, पण विमान चालवताना ती घेऊ नयेत, कारण त्यांनी गुंगी येते आणि इतर त्रासही होतात. ड्रामामाइनमधलं डायमेनहायड्रिनेट शरीरात गेलं की त्यातून डायफेनहायड्रामिन सुटं होतं. आपल्याकडे खोकल्याच्या बेनाड्रिलमध्ये असतं तेच, आणि प्रोमेथाझिनसारखं तेही जुन्या पिढीचं अँटिहिस्टामिनच. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९९० ते २०१२ या काळात अपघातात मृत्यू पावलेल्या वैमानिकांच्या शरीरात कोणती औषधं सापडली, हे त्यात पाहिलं होतं. कामावर परिणाम करू शकणाऱ्या औषधांमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडलं ते डायफेनहायड्रामिन. अपघात त्यामुळेच झाले असं तो अभ्यास म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण दुकानात सहज मिळणारी साधी गोळी घेऊन माणसं कॉकपिटमध्ये बसतात, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

आता नासा. यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. स्पेस शटलच्या काळात अंतराळवीरांना मळमळीसाठी प्रोमेथाझिनचं इंजेक्शन देत असत. पण ते पृथ्वीवरच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि औषध आपल्याला सोसतं का हे आधी जमिनीवर तपासून. शिवाय मळमळीचा काळ असतो म्हणून सुरुवातीच्या दिवसांत स्पेसवॉक ठेवायचं टाळत. म्हणजे मळमळीच्या दिवसांत माणसाच्या हातात नाजूक काम द्यायचं नाही, हा नियम नासाही पाळत होती. मेसेजने गोळी तेवढी उचलली आणि नियम सोडून दिला.

आणि इन्स्ट्रक्टरला कळू देऊ नका म्हणे! सेस्ना १५२ ची केबिन इतकी अरुंद असते की दोन माणसांचे खांदे एकमेकांना लागतात. शेजारच्या विद्यार्थ्याच्या वरच्या ओठावर घाम आला, तो सारखा आवंढा गिळू लागला, जांभया देऊ लागला की मला समजतं. आर/टीवरची, म्हणजे रेडिओवरची, त्याची उत्तरं तुटक होतात. डाउनविंडला, म्हणजे फेरीतल्या धावपट्टीला समांतर टप्प्यावर, पोहोचूनही उतरण्याआधीचे चेक्स सुरू होत नाहीत. हे लपत नाही. लपवायच्या धडपडीत विद्यार्थी आपलं अर्धं लक्ष पोटावर खर्च करतो, एवढंच होतं. वेळेवर सांगितलं तर मी काय करते? फाइल काढत नाही. वळणं थांबवते, विमान सरळ समपातळीत आणते, हवेचा झोत त्याच्या तोंडावर सोडते, आणि बरं वाटू लागलं की कंट्रोल्स त्याच्याच हातात देऊन क्षितिजाकडे बघायला सांगते. गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, कारण पुढची हालचाल कधी होणार हे त्याच्या मेंदूला आधीच ठाऊक असतं. विमानातही तसंच. तेवढ्यानेही नाही जमलं तर परत फिरायचं. एफएएच्या त्याच पुस्तकात लिहिलंय की असा त्रास होणं हे वैमानिक म्हणून तुमच्या कुवतीचं माप नाही, आणि त्रास होत असेल तर इन्स्ट्रक्टरला सांगा, त्यावर मार्ग आहेत. सुरुवातीला छोट्या सॉर्टी, शांत हवा, डोक्याच्या अनावश्यक हालचाली टाळणं, हे सगळं तिथे दिलेलं आहे. पहिल्या काही धड्यांत त्रास बहुधा जातो, हेही दिलेलं आहे. पण ही सवय मेंदूला त्या हालचालीतूनच लागते. गोळीने सगळं दाबून टाकलं तर पहिल्या सोलोच्या, म्हणजे एकटीने उडायच्या, दिवशी शेजारची सीट रिकामी असेल आणि मुलगी एक तर गुंगीत असेल किंवा गोळी न घेता पहिल्यांदाच सगळं सोसत असेल.

पहिला मुद्दा तर सपशेल उलटा आहे. विमान लागतं ते कान नीट काम करतो म्हणून. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका सांगतात की आपण हलतोय, मांडीवरच्या चेकलिस्टवर खिळलेले डोळे सांगतात की काहीच हलत नाही, आणि मेंदू गोंधळतो. अमेरिकेच्या नौदलाने आणि नासाने १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून गॅलोडेट कॉलेजमधल्या अकरा कर्णबधिर पुरुषांवर अनेक वर्षं प्रयोग केले. त्यातल्या बहुतेकांचं आतल्या कानाचं संतुलनाचं अंग लहानपणीच्या मेंदूज्वराने निकामी झालं होतं. नोव्हा स्कॉशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात ते बोटीवर मजेत पत्ते खेळत बसले आणि संशोधकच इतके आजारी पडले की प्रयोग सोडून द्यावा लागला. आणि कुवतीचं म्हणाल तर ऑगस्ट १९६१ मध्ये व्होस्तोक-२ मधून पृथ्वीला सतरा प्रदक्षिणा घालणारा गेर्मान तितोव्ह लढाऊ विमानांचा वैमानिक होता. अंतराळात मळमळलेला तो पहिला माणूस. आपल्या हवाई दलाच्या बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये विमान लागणाऱ्या वैमानिकांना टप्प्याटप्प्याने सवय लावण्याचे उपचार आहेत. असा माणूस वैमानिक होऊच शकत नसता तर त्याच्यावर हे कष्ट कुणी कशाला घेतले असते?

छोट्या विमानातच का होतं, हे मात्र मेसेजमध्ये कुठेच नाही. भरलेलं एअरबस ३२० साधारण ७८ टनांपर्यंत जातं, १५२ पेक्षा थोडं मोठं सेस्ना १७२ जेमतेम १.१ टन. मोठं विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर जातं. आपण जमिनीपासून दोन-तीन हजार फुटांवर असतो, तापलेल्या हवेच्या थरात. मे महिन्यात सकाळी अकरानंतर बारामतीच्या आसपास उडून बघा. नांगरून ठेवलेल्या काळ्या रानावर विमान वर ढकललं जातं, पुढे उसाचा हिरवा पट्टा किंवा उजनीचं पाणी आलं की खाली बसतं. पाच-सहा सेकंदांत एकदा येणारा असा संथ वर-खाली हेलकावाच पोटाला सगळ्यात जास्त त्रास देतो. म्हणून सुरुवातीच्या सॉर्टी उजाडताच घ्या. या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा त्या सातही उपायांनी मिळून पडणार नाही.

कापसाचे बोळे. संतुलनाचं अंग कवटीच्या हाडात, पडद्याच्याही पलीकडे असतं. बाहेरच्या कानात घातलेल्या बोळ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. उंचीबरोबर बदलणारा दाब घसा आणि कान जोडणाऱ्या नळीतून सारखा होतो, त्यासाठी आवंढा गिळावा. हेडसेटखाली बोळे घातलेत तर टॉवरने दिलेली सूचना तेवढी ऐकू येणार नाही.

उपाशीपोटी जाण्यात अर्धं तथ्य आहे. मिसळ-तर्री ओढून सॉर्टीला येऊ नका, हे खरं. पण रिकाम्या पोटी मळमळ जास्त जाणवते आणि उन्हात चक्कर येते ती वेगळीच. तास-दीड तास आधी इडली किंवा कमी तेलाचे पोहे, थोडं पाणी, बस.

डोळे मिटणं प्रवाशाला खरंच उपयोगी पडतं, विशेषतः डोकं मागे टेकवून. जॉयराइडला निघालेल्या आजोबांनी जरूर मिटावेत, त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घेतली तरी माझी हरकत नाही. विमान चालवणाऱ्याने डोळे उघडे ठेवून बाहेर बघायचं असतं. चेकलिस्ट वाचायची तर मान खाली घालू नका, ती डोळ्यांसमोर वर धरा. पेन पडलं तर पडू द्या. मांडीखाली कागदी पिशवी ठेवा आणि वेळ आलीच तर "यू हॅव कंट्रोल" म्हणून विमान इन्स्ट्रक्टरच्या हाती द्या आणि ती मोकळ्या मनाने वापरा.

आलं चघळा, त्याचे पुरावे संमिश्र आहेत, पण नुकसान नाही. वर्तमानपत्राबद्दल मला काही म्हणायचं नाही.

भाचीला मी एवढंच कळवलं की गोळी घेऊ नको आणि ब्रीफिंगलाच सरांना सांग. बऱ्याच सॉर्टीनंतरही त्रास तसाच राहिला तर डीजीसीए या आपल्या नागरी विमान वाहतूक नियामकाच्या यादीतल्या मेडिकल एक्झामिनरला भेटायचं. जमिनीवर असतानाही गरगरू लागलं, एका कानाने कमी ऐकू येऊ लागलं किंवा कानात आवाज सुरू झाला, तर ते विमान लागणं नाही. तेव्हा उड्डाण बंद ठेवायचं आणि सरळ कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं.