‘२१ दिवसांत मधुमेह मुळासकट जातो’ : त्या मजकुराला उत्तर

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर मला चार जणांनी पाठवला. चौघंही शिकलेले, चौघांनीही काळजीपोटीच पाठवलेला. त्यात थोडक्यात असं म्हटलंय: दूध, अंडी, मांस, मासे सगळं सोडा आणि फक्त वनस्पतिजन्य खा. २१ दिवसांत मधुमेह मुळासकट जातो. गोळ्या पहिल्या दिवशीच बंद करा. वनस्पतिजन्य काहीही पोटभर खा, वजन उतरतंच. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे विरघळतात. आणि बी१२ या जीवनसत्त्वाची कमतरता ही औषध कंपन्यांनी उठवलेली आवई आहे.

मी स्वतः नऊ वर्षं असंच जेवते आणि या जेवणावर माझा विश्वास आहे. म्हणूनच या मजकुराचा मला राग येतो. एका चांगल्या गोष्टीच्या गळ्यात त्याने इतके खोटे दावे बांधलेत की माणसं फसतात, आजारी पडतात आणि मग त्या जेवणालाच नावं ठेवतात. एकेक दावा घेते.

‘२१ दिवसांत मधुमेह मुळासकट जातो’

रोज सकाळची साखर आहार बदलल्यावर थोड्याच दिवसांत उतरू शकते, हे खरं आहे. पण मधुमेहाचा खरा हिशेब ज्या एचबीए१सी तपासणीवर लागतो, ती तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते. या पेशी साधारण १२० दिवस जगतात. म्हणजे २१व्या दिवशी रक्तात फिरणाऱ्या बहुतेक पेशी जुन्या जेवणाच्या काळातल्याच असतात. ‘गेला’ असं त्या दिवशी कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकणार नाही.

२०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी यासाठी एक व्याख्या ठरवली: औषधं थांबवून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी ६.५ टक्क्यांच्या खाली असेल तर त्याला ‘रेमिशन’ म्हणायचं. ‘बरा झाला’ हा शब्द त्यांनी मुद्दाम वापरला नाही, कारण वजन परत चढलं की साखरही परत येते.

मग वनस्पतिजन्य आहाराने काहीच होत नाही का? होतं, आणि चांगलं होतं. अमेरिकेतल्या डॉ. नील बर्नार्ड यांच्या गटाने २००६ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या ९९ जणांवर २२ आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध केली. कमी तेला-तुपाचा, पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के लोकांची औषधं कमी करता आली. मधुमेहाचा नेहमीचा पथ्याचा आहार घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण २६ टक्के होतं. ज्यांची औषधं बदलली नाहीत, त्यांचं एचबीए१सी पहिल्या गटात सरासरी १.२३ ने उतरलं, दुसऱ्यात ०.३८ ने. इतका चांगला आकडा हाताशी असताना २१ दिवसांची थाप मारायची गरजच काय होती, हे मला कळत नाही.

आणि मजकुरात नुसतं ‘मधुमेह’ लिहिलंय. कोणता? टाइप १ मध्ये शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. इन्सुलिन सापडण्याआधी टाइप १ झालेल्या मुलांना उपाशी ठेवण्याचा आहार देत, आणि ती झिजून जात. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं, तेव्हा कुठे हे चित्र बदललं. हा मजकूर वाचून टाइप १च्या कुणी इन्सुलिन थांबवलं तर रक्तात आम्ल साचून काही दिवसांत जिवावर बेततं.

‘गोळ्या पहिल्या दिवशीच बंद करा’

हा मुद्दा सगळ्यात घातक आहे, पण त्याला एक खरा धागा आहे, तोही सांगते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत मधुमेहाच्या गोळ्या खरोखरच पहिल्या दिवशी थांबवल्या होत्या, आणि वर्षाअखेर ४६ टक्के लोक रेमिशनमध्ये होते. मात्र अटी बघा. मधुमेह होऊन सहा वर्षांहून जास्त झालेली नसावीत. इन्सुलिन चालू नसावं. रोज सुमारे ८५० उष्मांकांचे तयार शेक आणि सूप, तेही तीन ते पाच महिने, आणि सोबत सतत तपासणी. त्यात वनस्पतिजन्य असण्या-नसण्याचा प्रश्नच नव्हता. फरक पडला तो वजनाने. ज्यांचं १५ किलो किंवा जास्त वजन उतरलं, त्यांच्यापैकी ८६ टक्के रेमिशनमध्ये गेले.

घरी एकट्याने गोळी बंद करणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. रक्तदाबाची गोळी थांबवली तर दाब चढलेला कळतही नाही, दुखत नाही ना. याच्या उलटाही धोका आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही: आहार एकदम बदलला आणि ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिनची मात्रा जुनीच ठेवली, तर साखर धाडकन खाली येते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बरळायला लागतो. म्हणून आहार बदलण्याच्या आधीच डॉक्टरांना सांगायचं, पहिले काही आठवडे घरी साखर मोजून वहीत लिहायची, आणि त्या आकड्यांवरून मात्रा उतरवायची. कंटाळवाणं आहे, पण सुरक्षित वाट हीच आहे.

‘वनस्पतिजन्य काहीही पोटभर खा’

साखर वनस्पतिजन्य आहे. मैदा वनस्पतिजन्य आहे. तळणीचं तेल आणि बटाट्याचे वेफर्सही वनस्पतिजन्यच. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० उष्मांक असतात; तेवढ्या उष्मांकांची उकडलेली फुलकोबी खायची तर जवळपास अर्धा किलो लागेल. चमचा कढईत कधी गेला ते कळत नाही, फुलकोबीने मात्र ताट भरून जातं.

डाळी, कडधान्यं, भाज्या, सालासकट धान्य यांच्यात पाणी आणि तंतू भरपूर असतात, त्यामुळे पोट लवकर भरतं. अमेरिकेत २० जणांना संशोधन रुग्णालयात ठेवून केलेली एक चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. हवं तेवढं खायची मुभा होती. दोन आठवडे कमी स्निग्ध वनस्पतिजन्य जेवण, दोन आठवडे कमी कर्बोदकांचं, मुख्यतः प्राणिजन्य जेवण. वनस्पतिजन्य जेवणावर माणसं रोज जवळपास ७०० उष्मांक कमी खात होती, आणि तरी उपाशी राहिल्याची तक्रार नव्हती. पण प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की जेवणानंतरची साखर दुसऱ्या आहारावर कमी चढली. दोन्ही बाजूंच्या कट्टर माणसांनी हा निकाल अर्धाच सांगितला.

दोन लाखांहून अधिक अमेरिकी आरोग्य कर्मचाऱ्यांच्या दीर्घकाळच्या निरीक्षणातही वनस्पतिजन्य आहाराचे दोन तुकडे स्पष्ट पडले. अख्खं धान्य, फळं, भाज्या, कडधान्यं खाणाऱ्यांत हृदयविकार कमी; मैदा, गोड पेयं, मिठाई यांवर भर देणाऱ्यांत जास्त. वनस्पतिजन्य दोघंही.

‘अडथळे विरघळतात’

याचं मूळ अमेरिकेतल्या डॉ. डीन ऑर्निश यांच्या, आहार आणि राहणी बदलण्याच्या १९९० च्या चाचणीत आहे. एका वर्षात रक्तवाहिनीचं अरुंदपण सरासरी ४० टक्क्यांवरून ३७.८ वर आलं. नेहमीचेच उपचार घेणाऱ्या दुसऱ्या गटात ते वाढलं होतं, म्हणून हा निकाल मोलाचा आहे. पण २.२ टक्क्यांना ‘विरघळणं’ म्हणत नाहीत. शिवाय त्या माणसांनी धूम्रपान सोडलं होतं, व्यायाम आणि ध्यान चालू केलं होतं, गटाने भेटत होते. श्रेय एकट्या ताटाला कसं देणार? छातीत दुखत असताना हा मजकूर वाचत बसलेल्या माणसाने आधी रुग्णालय गाठावं.

‘सगळ्यांना चालतो’ असंही शेवटी एक वाक्य आहे. मूत्रपिंडं बरीच निकामी झालेल्यांना पोटॅशियम जपावं लागतं, वॉरफॅरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवली तर औषधाचा परिणाम कमी होतो. त्यांनी आधी विचारावं. कॅल्शियम आणि प्रथिनं याबद्दल तर मजकुरात चकार शब्द नाही.

‘बी१२ ही आवई आहे’

याच मजकुराची जुनी आवृत्ती तीन-चार वर्षांपूर्वी माझ्या मावशीकडे आली. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी तिने माझ्या हट्टामुळे चालू ठेवली, पण दूध, दही, अंडी सगळं सोडलं. बी१२ची गोळी मी आणून दिली तर म्हणाली, “अगं, गाई काय गोळ्या खातात?”

बी१२ बनवतात जिवाणू. गाईच्या पोटात ते असतात, म्हणून तिला गोळी लागत नाही. आपल्याला ते मिळतं ते प्राणिजन्य पदार्थांतून, नाहीतर गोळीतून किंवा बी१२ मिसळलेल्या अन्नातून. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांशी बी१२सारखं दिसणारं, पण आपल्या शरीराला निरुपयोगी. यकृतात साठा काही वर्षं पुरतो, म्हणून सुरुवातीला सगळं झकास वाटतं. त्यात मेटफॉर्मिन बी१२चं शोषण कमी करतं. आणि हिरव्या भाज्यांतल्या भरपूर फोलेटमुळे रक्तक्षय झाकला जाऊ शकतो, आत मज्जातंतू मात्र झिजत राहतात.

एका संध्याकाळी मावशी जिना चढून वर आली आणि मी म्हटलं, “मावशी, एका पायात चप्पल नाहीये.” तिने खाली पाहिलं. चप्पल चार पायऱ्या खाली पडली होती आणि तिला पत्ताच नव्हता. मुंग्या येतात हे ती वर्षभर सांगत होती. आम्ही सगळ्यांनी ते साखरेवर ढकललं होतं, कारण मधुमेहातही पायांना असंच होतं. रक्त तपासलं तर बी१२ खालच्या मर्यादेच्या निम्म्यावर.

इंजेक्शनं झाली, नंतर गोळ्या. सहा महिन्यांत बोटांच्या मुंग्या गेल्या. मावशी आजही तेच जेवण जेवते. तिचं एचबीए१सी ७.८ वरून ६.६ वर आलंय, डॉक्टरांनी मेटफॉर्मिन निम्मं केलंय, बी१२ची गोळी तिच्या डबीत कायमची आहे. डाव्या पायाचा अंगठा मात्र अजून बधिर आहे. चप्पल घातली की ती वाकून बघते, नीट बसलीय ना.