‘लॉपसाइडेड’ म्हणजे नुसते ‘एकतर्फी’ नव्हे

स्पर्धा परीक्षांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. ‘लॉपसाइडेड’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘एकतर्फी’ एवढाच आहे. ‘लॉप’ म्हणजे छाटणे, म्हणून एक बाजू छाटलेली वस्तू ती लॉपसाइडेड. असिमेट्रिकल, अनबॅलन्स्ड, बायस्ड आणि डिसप्रपोर्शनेट हे त्याचे समानार्थी शब्द असून त्यांतला कोणताही कुठेही चालतो. आणि या छटांसाठी मराठीत शब्दच नाहीत, असे त्यात म्हटले आहे. दादरला माझ्याकडे अनुवाद शिकायला येणाऱ्या मुलांच्या वह्यांत ही विधाने जशीच्या तशी उतरलेली मी पाहिली, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी व्युत्पत्ती. छाटणे या अर्थाचे ‘लॉप’ हे क्रियापद इंग्रजीत आहे, पण या शब्दातले ‘लॉप’ ते नव्हे. ते लोंबणे, सैल पडून खाली झुकणे या अर्थाचे वेगळे क्रियापद आहे. लांब कान खाली लोंबणाऱ्या सशाला ‘लॉप-इअर्ड’ म्हणतात. त्याचे कान कोणी छाटलेले नसतात. अठराव्या शतकाच्या आरंभी हा शब्द जहाजांसंबंधी वापरात आला, एक अंग जड झालेल्या जहाजासाठी. भाऊच्या धक्क्यावर एखाद्या होडीत सगळ्या टोपल्या एकाच अंगाला रचल्या गेल्या आणि ती त्या बाजूला कलली, की या शब्दाचा मूळ अर्थ समोर उभा राहतो. तिथे ‘एकतर्फी होडी’ असे कोणीही म्हणणार नाही.

‘एकतर्फी’ हा अर्थ सर्वस्वी चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही. २ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडेवर भारताने ८ बाद ३५७ धावा केल्या आणि श्रीलंकेचा डाव ५५ धावांत आटोपला. त्या सामन्याला इंग्रजीत लॉपसाइडेड आणि मराठीत एकतर्फी म्हणणे अगदी योग्य आहे. मात्र न्यायालयात ‘एकतर्फी आदेश’ म्हणजे दुसरा पक्ष हजर नसताना दिलेला आदेश, ज्याला इंग्रजीत ‘एक्स पार्टे’ म्हणतात. त्याचे भाषांतर ‘लॉपसाइडेड’ केले, तर कार्यपद्धतीची साधी नोंद न्यायाधीशांवरचा आरोप होऊन बसते. ‘एकतर्फी प्रेमा’लाही हा शब्द लागू पडत नाही.

समानार्थी शब्दांची अदलाबदल तर अधिकच धोक्याची आहे. शिवडीच्या खाडीतल्या चिखलात फिडलर जातीचे खेकडे दिसतात. नराचा एक नांगा दुसऱ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो, तरी तो तुरुतुरु पळतो, कुठेही कलंडत नाही. तो असिमेट्रिकल आहे, अनबॅलन्स्ड नाही. दोन्ही बाजू सारख्या नसणे वेगळे आणि तोल जाणे वेगळे. ‘डिसप्रपोर्शनेट’ला तुलनेसाठी दुसरे माप लागते. १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात हा शब्द येतो तो ज्ञात उत्पन्नाच्या मानाने जास्त असलेल्या मालमत्तेसाठी, आणि तिथे ‘लॉपसाइडेड मालमत्ता’ लिहिले तर काहीच अर्थ लागत नाही. ‘बायस्ड’मध्ये मनाचा कल असतो, होडी पक्षपाती नसते.

राहिला मराठीचा प्रश्न, आणि हे विधान मला सर्वांत जास्त खटकले. वाटणी विषम असते, लेख एकांगी, माणूस एककल्ली, मूर्ती बेढब, जोडी विजोड. हे शब्द आपण रोज वापरतो, आणि त्यांतला एकही दुसऱ्याच्या जागी बसत नाही. हातातल्या तराजूने भाजी विकणारी मावशी तोलण्याआधी रिकामा तराजू उचलून पाहते, आणि एक पारडे वर राहिले तर त्याच्या दोरीला चिंधीत गुंडाळलेला खडा बांधते. त्या खड्याला पासंग म्हणतात. ‘तो तिच्या पासंगालाही पुरत नाही’ हे आपण म्हणतो ते त्यावरूनच. रिकाम्या पारड्यांतला एवढासा फरकही मराठीने शब्दाविना सोडलेला नाही.