पंधरा हजारांच्या आत

महागडा फोन घेणं फार सोपं असतं. दुकानात जायचं, रंग सांगायचा, कार्ड पुढे करायचं. लाख रुपये मोजणाऱ्याला आतली रॅम खरी की उसनी, याची चौकशी करावी लागत नाही. खरी परीक्षा ‘पंधरा हजारांच्या आत दाखवा’ म्हणणाऱ्याची. या रकमेत कंपनी काहीतरी देते आणि काहीतरी हळूच काढून घेते. काय काढून घेतलंय ते शोधायचं काम गिऱ्हाइकाचं. मी एका पतसंस्थेत कर्जप्रकरणं तपासते. जामीनदाराच्या कागदांतली खोट हुडकण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण जामीनदार निदान मराठीत थापा मारतो.

जुन्या फोनला काही झालेलं नाही, असं मी बरेच दिवस म्हणत होते. ३२ जीबीचा होता. रोज सकाळी जागा संपल्याची सूचना यायची आणि चहाला उकळी येईपर्यंत मी कमळं, उगवते सूर्य आणि हात जोडलेली बाळं पुसत बसायची. मग तो टेबलावर सपाट राहीना. एका कोपऱ्यावर बोट ठेवलं की दुसरा कोपरा वर यायचा. बुधवार पेठेत तपकीर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने तो डोळ्यांच्या रेषेत आडवा धरला, मागचं झाकण नखाने जरासं उचललं आणि म्हणाला, “ताई, पुरी फुगलीय.”

लिथियमची बॅटरी म्हातारी झाली की तिच्या पोटात वायू धरतो. ती दाबायची नाही, टोचायची नाही आणि चार्जिंगला लावून झोपायचं तर मुळीच नाही, हे त्याने बजावलं. नवी टाकता येईल का, विचारलं. “या मॉडेलची ओरिजिनल येत नाही आता. डुप्लिकेट टाकतो, पण गॅरंटी पायरी उतरेपर्यंत.” इतका खरा माणूस आमच्याकडे कर्ज मागायला येत नाही. त्याच दिवशी सासूबाईंनी फोनला घरात झोपायला बंदी केली. तो रात्री गॅलरीत, स्टीलच्या ताटात, तुळशीपासून लांब.

फोन घ्यायचाय हे मी फक्त ह्यांना सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत सोसायटीतल्या चारही मजल्यांना कळलं.

भाचा हिंजवडीला आयटीत आहे. त्याने एक्सेलची शीट पाठवली आणि फोनवर शिकवणी घेतली. “मावशी, ‘१६ जीबी रॅम’ लिहिलंय ना, त्यातली आठच खरी. उरलेली आठ स्टोरेजमधून घेतलेली, व्हर्च्युअल.” हे मला झटकन कळलं. एका खात्यातले पैसे दुसऱ्या खात्यात दाखवायचे आणि दोन्हीकडे मोजायचे; आमचा ऑडिटर यावर लाल शाईने शेरा मारतो. मग कॅमेरे. मागे तीन गोल दिसतात. त्यातला ५० मेगापिक्सेलचा काम करतो. दुसरा दोन मेगापिक्सेलचा असतो, त्याला ‘डेप्थ’ नाहीतर ‘मॅक्रो’ म्हणतात आणि त्याच्याकडून कुणाचीच काही अपेक्षा नसते. तिसरा काही मॉडेलांत नुसता शोभेचा असतो. म्हणजे तीन संचालकांच्या मंडळात काम करणारा एकच. हेही माझ्या ओळखीचं होतं.

“पडदा १२० हर्ट्झचा घे. सेकंदाला १२० वेळा ताजा होतो.”

“अरे, मी भिशीचा हिशेब बघणार त्यावर.”

“आणि सिक्युरिटी अपडेट किती वर्षं देणार ते बघ. स्वस्तात तिथेच हात आखडतात.” हा मुद्दा मात्र मी लिहून घेतला. सबंध शिकवणीत जाहिरातीत मोठ्या अक्षरात न छापलेली अशी ही एकच गोष्ट होती, तेव्हा तीच कामाची असणार.

शेजारचे काका स्वतः बटणांचा फोन वापरतात. त्यामुळे त्यांना या विषयात निःपक्ष मत मांडता येतं. त्यांनी जिन्यातच गाठलं. “स्टार-हॅश-शून्य-सात-हॅश दाबायचं. किरणांचा आकडा येतो. १.६ वॅट प्रति किलोच्या आत पाहिजे, सरकारचा नियम आहे.” मी मान डोलावली. “आणि वेळ चुकलीच तुमची. मोबाइलवरचा जीएसटी १ एप्रिल २०२० ला १२ टक्क्यांवरून १८ वर गेला. मार्चअखेरीस घ्यायला हवा होतात.”

“अहो काका, टाळेबंदी होती तेव्हा!”

“तेच म्हणतोय मी. अजिबात गर्दी नसती.”

फाइव्ह जी हवंच, यावर मात्र सगळ्यांचं एकमत. १ ऑक्टोबर २०२२ ला ते देशात सुरू झालं. आमच्या स्वयंपाकघरात अजून पोचायचंय, पण फोनची तयारी असलेली बरी.

यादी घेऊन आम्ही टिळक रोडला गेलो. आज रस्त्याच्या कोणत्या बाजूला पार्किंग, पी-वन की पी-टू, यावर ह्यांचं आणि एका रिक्षावाल्याचं रस्त्याच्या मधोमध चर्चासत्र झालं, गाडी शेवटी एका गल्लीत कुणाच्या तरी फाटकासमोर लावली आणि ह्यांनी गाडीवरच बसून राहायचं ठरवलं. आत मी एकटी. दुकान एक, पण पोरं चार रंगांच्या टी-शर्टांत. ही दुकानाची नव्हेत, हे मला नंतर उमगलं. एकेका कंपनीने आपापलं पोर आणून उभं केलेलं असतं. निळ्याला विचारलं की निळा फोन उत्तम. तो देत असलेली माहिती पिवळा लांबून कान देऊन ऐकतो आणि निळ्याची पाठ वळली की येऊन म्हणतो, “मॅडम, त्याच्यात हीटिंग इश्यू आहे.” हिरवा तर माझ्याशी इतक्या आर्जवाने बोलला, की मी पर्स जवळ ओढली. पुण्यात दुकानातला माणूस गोड बोलायला लागला की समजावं, या मॉडेलवर कमिशन चांगलं आहे.

मी मात्र चारही फोन हातात घेऊन बघितले. शीटमध्ये कुठेच नव्हतं ते तिथे कळलं. एक माझ्या तळव्यात मावत नव्हता, एकाचं बटण अंगठ्याला पोचत नव्हतं, आणि एकाची पाठ इतकी गुळगुळीत की तो भांडी घासायच्या ओट्यावरून सरळ सिंकमध्ये जाणार. राहिला एक. गल्ल्यावरच्या मालकांनी चष्म्यावरून बघितलं. “ऑनलाइन घेणार ना? घ्या, घ्या. ग्लास तरी आमच्याकडे लावा.”

ऑनलाइन तोच फोन १३,९९९ ला होता आणि एका बँकेच्या क्रेडिट कार्डावर १,५०० रुपये लगेच सूट. सेल दोनच दिवस राहिलेला. घोडं अडलं ते दोन ठिकाणी. ते कार्ड आमच्यापैकी कुणाकडे नव्हतं. आणि पितृपक्ष चालू होता.

“पंधरवड्यात नवी वस्तू घ्यायची नाही,” सासूबाई म्हणाल्या. यावर काही तोडगा नव्हता. तोडगा त्यांनी स्वतःच काढायला घेतला. त्यांना घरात नवा फोन नको होता असं नाही, गॅलरीतला जुना नको होता. आधी त्यांनी नुसतं कार्टात टाकणं म्हणजे खरेदी होते का, याचा विचार केला. होत नाही, असं ठरलं. वस्तू परडीत आहे, गल्ल्यावर गेलेली नाही. मग नेहमीच्या गुरुजींना फोन लावला. गुरुजी आजकालचे. त्यांनी एकच विचारलं, “पेमेंट कधी?” घरी आल्यावर रोख दिलेत आणि डिलिव्हरी घटस्थापनेनंतर आली, तर काही दोष नाही, म्हणाले. आम्ही निःश्वास सोडला. पण रोखीला सूट नव्हती. सूट कार्डाला, आणि कार्ड आत्ता चालवायचं.

एका बाजूला पितर, दुसऱ्या बाजूला १,५०० रुपये. सासूबाई जपाची माळ हातात घेऊन झोपाळ्यावर बसल्या. अर्धी माळ झाली असेल नसेल.

“कार्ड कुणाकडे आहे म्हणालीस?”

“चिंचवडला धाकट्या जाऊबाईंकडे.”

“म्हणजे पैसे ती भरणार. आपण काहीच घेत नाही. आणि ते क्रेडिटचं ना? मग तिचेही पैसे पुढच्या महिन्यात जाणार. तू तिला नवरात्रात दे. झाली खरेदी नवरात्रात.”

आमच्या पतसंस्थेच्या कायदा सल्लागाराला इतकी स्वच्छ पळवाट कधी सापडलेली नाही.

जाऊबाईंनी कार्ड दिलं. सोबत, त्यांच्याकडे असलेला फोन कसा चांगला आहे आणि आम्ही तो का घेतला नाही, यावर अर्धा तास दिला.

फोन घटस्थापनेच्या सकाळी आला. सासूबाईंनी खोक्यातून काढल्या काढल्या हळदकुंकू वाहिलं. कुंकू नेमकं दोन मेगापिक्सेलच्या भिंगावर पडलं. फोटोत काडीचा फरक पडला नाही. ह्यांनी स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आलेला १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, खड्या आवाजात वाचला आणि मी बिलावर बोट फिरवत जुळवून घेतला. खोक्यात चार्जर नव्हता. पर्यावरणासाठी म्हणे. घरात जुन्या बारक्या पिनांच्या वायरींचा एक अख्खा ड्रॉवर आहे, त्यातली एकही याच्या तोंडात गेली नाही.

मग सामान हलवणं. व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गुगलच्या फुकटच्या १५ जीबीत धरतात, आणि माझी नुसती कमळंच त्याहून जास्त भरत होती. भाच्याने सांगितलं, दोन्ही फोन जवळजवळ ठेव, नव्यावरचा क्यूआर कोड जुन्याने वाचायचा, माल थेट जातो. पण जुन्याला घरात प्रवेश नव्हता. म्हणून नवाही गॅलरीत, त्याच ताटात. चाळीस टक्क्यांवर परतीच्या पावसाची सर आली. हे छत्री धरून उभे राहिले. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंना आम्ही ताटावर छत्री धरून काय करतोय हे विचारायचं होतं, पण त्यांनी नमस्कार केला. नवरात्र होतं, काहीतरी कुळाचार असेल.

सिमचा कप्पा उघडायची पिन ह्यांनी जपून ठेवली होती, त्यामुळे ती सापडली नाही. कानातल्या टॉप्सची दांडी कामी आली. सिम नव्यात गेलं आणि तिथून पुढे, मी म्हणजे मीच, हे यंत्राला पटवायचं काम सुरू झालं. व्हॉट्सॲपला सहा आकडे हवे. बँकेला डेबिट कार्डाचे शेवटचे आकडे, पिन, आणि माझ्याच सिमवरून त्यांनी त्यांनाच पाठवलेला एसएमएस हवा. बोटाचा ठसा तर सारखा ‘पुन्हा ठेवा’. ज्या अंगठ्यावर वीस वर्षं कर्जप्रकरणं पास झाली, तो या फोनला ओळखीचा वाटेना. हात पुसून कोरडे केले तेव्हा कुठे वाटला.

यूपीआय सुरू झाल्यावर पहिलं काम जाऊबाईंचे १२,४९९ रुपये. पाठवले. गेले नाहीत. फोन बदलला की पहिले २४ तास फक्त ५,००० रुपये जातात. चोराच्या हातात फोन पडला तर सगळं खातं धुतलं जाऊ नये म्हणून. नियम चांगला आहे, फक्त त्यात जावांचा विचार केलेला नाही. मी पाच हजार पाठवले. लगेच उत्तर आलं, “असू दे गं, सवडीने दे.” पुढे एक हसरा चेहरा. त्या चेहऱ्याने माझी रात्रीची झोप गेली. ह्यांच्या फोनवरून देता आले असते, पण ह्यांचा यूपीआयला तात्त्विक विरोध आहे. बाकीचे द्वितीयेला गेले.

टिळक रोडवर जाऊन ग्लास लावला. मालकांनी आधी ओल्या, मग कोरड्या कागदाने काच पुसली, चिकटपट्टीने धुळीचा कण टिपला, पंखा बंद करायला लावला आणि श्वास रोखून ग्लास सोडला. मधोमध एक बुडबुडा राहिला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. “जाईल दोन दिवसांत,” ते म्हणाले. ऑनलाइन घेतलात ना, असं चेहऱ्यावर होतं.

नंबर मात्र सगळे आले. उलट जास्तच आले, सिममधले वेगळे, गुगलमधले वेगळे. नणंद दोनदा आली. बाकी यादी वाचताना माझा संसार माझ्यापुढे उघडा पडला: ‘गॅस जुना’, ‘गॅस नवा’, ‘गॅस नवा खरा’, ‘दूध काकांचा मुलगा’, ‘साडी फॉल बाई (बोलते फार)’, ‘प्लंबर’, ‘प्लंबर उचलत नाही’. दुपारी ओट्याशी बसून एकेक निवडत होते, इतक्यात घरात कुठेतरी सनई वाजायला लागली. शेजारी लग्न आहे का, सासूबाईंनी विचारलं. सनई माझ्या हातात वाजत होती. पडद्यावर नाव होतं ‘प्लंबर उचलत नाही’. गळक्या नळासाठी गौरी-गणपतीपासून मी त्याच्या मागे लागले होते. हिरवं गोल दाबलं, काही होईना. डावीकडे सरकवलं, उजवीकडे सरकवलं. ते वर सरकवायचं असतं, हे कळेपर्यंत सनई थांबली.

उलट फोन लावला. त्याने उचलला नाही. त्याच्या फोनमध्ये आता माझं नाव काय असेल, कोण जाणे.