मांडी म्हणजे सीट नव्हे

गेल्या मे महिन्यात मुलीची जावळं काढण्यासाठी आम्ही परभणीहून तुळजापूरला निघालो, तेव्हा घरच्या तेरा माणसांसाठी एकच जीप ठरली होती आणि ११ महिन्यांच्या लेकराची जागा अर्थातच माझी मांडी होती. गंगाखेडच्या पुढे म्हशी आडव्या आल्या, ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि दोन्ही हातांनी धरलेली मुलगी निसटून पुढच्या सीटच्या पाठीवर आदळली. कपाळावर टेंगूळ येण्यापलीकडे काही झाले नाही. सगळ्यांनी देवीची कृपा म्हटले. मला मात्र तेव्हापासून 'मांडीवर लेकरू असल्यावर कशाची भीती?' हे वाक्य ऐकवत नाही.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर ९ किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १५० किलो पेलण्याइतके बळ लागते. दीड क्विंटल! मोंढ्यातला हमालही असले ओझे अचानक अंगावर आले तर झेलू शकणार नाही. आईने सीटबेल्टचा पट्टा लावला नसेल, तर बाळ तिच्या आणि पुढच्या सीटच्या मध्ये चिरडते. एकाच पट्ट्यात दोघांना गुंडाळले, तर तिचा भार बाळावर येतो. आमच्या सासूबाई म्हणतात, 'आमची लेकरं बैलगाडीत वाढली.' ते खरेच आहे, पण बैल साठच्या वेगाने धावत नव्हते.

यानंतर आम्ही गाडीच्या आसनावर पट्ट्याने बांधायची बाळाची वेगळी सीट घेतली आणि नातेवाइकांनी तिचे नाव 'सिंहासन' ठेवले. लहान बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते, म्हणून ही सीट मागच्या आसनावर, बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी बसवायची असते. समोर एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर ती तशी कधीही ठेवू नये, कारण फुगणारी एअरबॅगच बाळाच्या जिवावर उठते. बाळ त्या सीटमध्ये रडते, ही तक्रार मी नाकारत नाही. आम्ही दीड तासाने गाडी थांबवतो, सावलीत दूध पाजतो आणि पुन्हा बसवतो; चालत्या गाडीत पाजत नाही. पहाटे निघतो, म्हणजे ऊन चढण्याआधी बरीच वाट सरते. हॉटेलवर जेवताना झोपलेल्या लेकराला बंद गाडीत ठेवून जाणे मात्र पाच मिनिटांसाठीही मान्य नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बाळाच्या सीटने सुरक्षित न बसवल्यास १००० रुपये दंड आहे. दुचाकीसाठीही ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला चालकाशी बांधणारा हार्नेस, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असा नियम २०२२ मध्ये आला. तरीही पेट्रोलच्या टाकीवर लेकरू बसवून निघालेला बाप आपल्याकडे रोज दिसतो. नऊ महिन्यांखालच्या बाळाला तर दुचाकीवर नेऊच नये, असे माझे मत आहे. ज्यांच्याकडे दुचाकीशिवाय काही नाही, त्यांना हे सांगणे सोपे नाही, हेही मला कळते.

पुढच्या महिन्यात नांदेडला लग्न आहे आणि पुन्हा जीपच ठरते आहे. तिच्या मागच्या आडव्या बाकांवर कुठलीही सीट बांधता येत नाही, म्हणून मधल्या रांगेतला पट्टा चालू आहे का, हे आधी पाहून घ्या, असे मी काकांना कळवले आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.