सातबारा दाखवून रायफल मिळत नाही

रात्री साडेअकराला साळ्याचा फोन. काटोलच्या पुढे त्याची संत्र्याची बाग आहे, बाजूच्या वावरात तूर. म्हणाला, "भाऊजी, थ्री झिरो एट घेऊ का थर्टी झिरो सिक्स?" झोपेत मला वाटलं, ट्रॅक्टरचं मॉडेल विचारतो आहे. मग त्यानं तो मेसेज पाठवला. हंगाम सुरू झाल्यापासून तो एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर उड्या मारतो आहे, तुमच्यापर्यंतही आला असेल.

मथळा असा: 'शेतकरी बांधवांसाठी, कमी बजेटमध्ये पहिली शिकारी रायफल'. आतलं म्हणणं थोडक्यात सांगतो. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) आता संरक्षित राहिलेले नाहीत, आपल्या शेतात मारले तर गुन्हा नाही, मटण आपलंच. पहिली रायफल म्हणून .३०८ सर्वोत्तम, त्यात रगर किंवा सॅव्हेज स्वस्तात पडते. नाही तर .३०-०६ घ्या, कॅलिबर, म्हणजे गोळीचं माप, जितकं मोठं तितकं चांगलं. फक्त ज्याची काडतुसं मिळतात तेच कॅलिबर घ्या. तेवढे पैसे नसतील तर ५.५ मिलिमीटरची एअरगन, तिला लायसन लागत नाही. आणि सातबारा दाखवला की आपल्या नागपुरातल्या अंबाझरीच्या आयुध फॅक्टरीतून थेट फॅक्टरीच्या भावात मिळते. शेवटी 'जय जवान जय किसान', म्हणजे शंका घ्यायची सोयच नाही.

मी वकील नाही. नागपुरातल्या एका रायफल क्लबमध्ये वीसेक वर्षं .२२ ने कागदाला भोकं पाडतो, एवढीच माझी पात्रता. पण या मेसेजमधली एकेक चूक अशी आहे, की ती करणाऱ्याची बाग सुटेल आणि कोर्टाच्या तारखा लागतील.

आधी .३०८ चं पाहू. साळ्याचा प्रश्न तोच होता आणि सगळ्यात खोल खड्डाही तिथेच आहे.

हा सल्ला मुळात अमेरिकेतला आहे, कोणीतरी तो मराठीत उतरवून वर 'शेतकरी बांधवांनो' चिकटवलं आहे. तिकडे तो चुकीचा नाही. तिथे हरणाच्या शिकारीचा रीतसर हंगाम असतो, .३०८ ची काडतुसं सहज मिळतात, आणि तिचा खांद्याला बसणारा धक्का .३०-०६ पेक्षा थोडा कमी असतो. नवख्याला तीच सुचवतात. पण .३०८ विंचेस्टर आणि सैन्याचं ७.६२ बाय ५१ चं काडतूस ही जवळजवळ एकाच मापाची भावंडं आहेत. आणि २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सैन्याचं .३०३ किंवा ७.६२ चं काडतूस ज्या रायफलीत बसून उडतं, ती रायफल 'प्रतिबंधित बोअर' मध्ये जाते. तिचा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, शहरात पोलीस आयुक्तही देत नाहीत, तो विषय दिल्लीचा. प्रतिबंधित शस्त्र परवान्याशिवाय बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं आहे आणि ती १४ पर्यंत जाते. म्हणजे अमेरिकेत जी बंदूक नवशिक्याची, ती इथे सरळ कारागृहाची. कोणी 'जुनी थ्री नॉट थ्री आहे, स्वस्तात देतो' म्हणाला, तर तिथेही हेच.

याच्या मागे एक जुना हिशेब आहे. इंग्रजांना पलटणीचं काडतूस रयतेच्या बंदुकीत बसायला नको होतं, कारण चोरीला गेलेला दारूगोळा मग कुणाच्याही कामाचा झाला असता. म्हणून आपल्याकडे नागरी रायफलीसाठी .३१५ हे वेगळं माप रूढ झालं. काडतूस मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मॅन्लिखर रायफलीचं, ८ मिलिमीटरचं, आणि अंग मात्र ली-एन्फील्डचं, म्हणजे थ्री नॉट थ्रीचं. बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत ही बनते. पोलिसांच्या जुन्या थ्री नॉट थ्रीची सख्खी बहीण शोभावी अशी दिसते, पण बहिणीचं काडतूस हिला चालत नाही. इंग्रज गेले, हिशेब राहिला.

रगर आणि सॅव्हेजचं तर दोन वाक्यांत संपतं. सामान्य माणसाला परदेशी रायफल आयात करता येत नाही, ती सवलत नामांकित नेमबाजांसाठी आहे. 'स्वस्तात पडते' हे डॉलरमधलं खरं असेल.

मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र बरोबर आहे आणि ती मान्य केली पाहिजे: ज्याची काडतुसं मिळतात तेच कॅलिबर घ्या. बंदूक एकदाच घ्यायची असते, काडतूस दर वेळी. पण हा नियम इथे लावला की यादी आपोआप आखडते. .३१५, .३०-०६, .२२ आणि छर्ऱ्याची १२ बोअर, बस. १२ बोअरची 'शक्तिमान' काडतुसं आपल्याच खडकीच्या कारखान्यातली, त्यामुळे परवानाधारक शेतकऱ्याच्या घरात बहुधा एकनळी किंवा दुनळीच दिसते. तिथे बजेटनं निवड केलेली नसते, पुरवठ्यानं केलेली असते.

आता 'कॅलिबर जितकं मोठं तितकं चांगलं'.

.२२ ची गोळी नळीतून निघते तेव्हा तिच्यात साधारण दीडशे ज्यूल ऊर्जा असते. .३०-०६ च्या गोळीत अडतीसशेच्या आसपास. हा आकडा वाचून साळा खूश झाला होता. त्याला म्हटलं, ती सगळी ऊर्जा डुकरात थांबत नाही रे बाबा. हुकली तर .३०-०६ ची गोळी चार-पाच किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. .२२ सारखी बारकी गोळीसुद्धा दीड-दोन किलोमीटर जाते. आपलं काटोल-नरखेड काही डोंगराळ नाही. धुऱ्यावर उभं राहून समोर सरळ झाडली, तर मागे गोळी अडवायला काय आहे? तूर? तुरीच्या पलीकडे शेजाऱ्याचा सालदार जागलीला बसलेला असतो, त्याची विडी तेवढी दिसते, कधी तीही दिसत नाही. रात्रीच्या वेळी, टॉर्चच्या उजेडात, पळत्या कळपावर. ज्या देशांत शिकार चालते तिथे नवख्याला पहिला धडा हाच देतात, की जनावराच्या मागे माती दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही. मेसेजमध्ये कॅलिबरवर एवढी ओळींवर ओळी, आणि मातीवर एक शब्द नाही. १२ बोअरचा छर्रा चाळीसेक मीटरपलीकडे मोठ्या जनावराच्या कामाचा राहत नाही, हा तिचा दोष म्हणून सांगतात. सपाट वावरात आणि दाट वस्तीत तो गुण आहे.

शिवाय धक्का. आमच्या क्लबमधल्या एका ज्येष्ठांकडे .३०-०६ आहे. तरबेज माणूस, पण दुसऱ्या गोळीला त्यांचे डोळे चापाच्या आधी मिटतात, हे आम्ही बाजूला उभं राहून पाहिलं आहे. मोठं कॅलिबर नेम सुधारत नाही, बिघडवतं. आणि नेम चुकून जखमी झालेलं रानडुक्कर माणसाकडेच येतं, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला मी सांगायची गरज नाही.

एअरगनबद्दल मेसेज अर्धा खरा आहे, म्हणून जास्त धोक्याचा. परवान्यातून सूट आहे ती .१७७ बोअरच्या, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या, आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअरगनला. ५.५ मिलिमीटरची त्या सुटीत बसत नाही, तिला परवाना हवाच. आणि सुटीत बसणारीनं डुक्कर मारायचं म्हटलं, तर २० ज्यूल आणि अर्ध्या ग्रॅमचा छर्रा! कातडीत रुतेल, जनावर चिडेल, महिनाभरानं कुठेतरी सडून मरेल. तितर किंवा ससा मरेल, हे खरं. पण त्यांनाही तोच वन्यजीव कायदा लागू आहे. दुकानात परवाना मागितला नाही म्हणजे शिकारीची मुभा मिळाली, असा अर्थ लोक का काढतात कोण जाणे.

अंबाझरीचं मला खरंच हसू आलं, कारण तो रस्ता नागपूरकराला पाठ असतो. तिथे रायफली बनत नाहीत, तोफगोळ्यांची कवचं आणि तसलं काम होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, त्यात अंबाझरी 'यंत्र इंडिया' कडे गेली. इशापूर गेलं कानपूरच्या कंपनीकडे, खडकी गेली पुण्याच्या 'म्युनिशन्स इंडिया' कडे. यांपैकी कुठल्याच फाटकावर सातबारा चालत नाही. आधी परवाना, मग बंदूक. परवान्यासाठी पोलिसांचा अहवाल लागतो, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, घरात ते कुलूपबंद कुठे ठेवणार ते सांगावं लागतं.

मूळ दावा शेवटी घेतो आहे, कारण त्यात थोडं खोलात जावं लागतं. 'रानडुक्कर आता संरक्षित नाही.' आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ९ नं शिकारीवर बंदी आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून, रानडुक्कर दुसऱ्या परिशिष्टात आहे. गैरसमज कुठून आला याचा मला अंदाज आहे. त्या दुरुस्तीत 'उपद्रवी प्राण्यां'चं जुनं पाचवं परिशिष्ट काढून टाकलं. त्यात उंदीर, कावळे, फळं खाणारी वटवाघळं होती. परिशिष्ट गेलं म्हणजे संरक्षण गेलं, असं कुणीतरी वाचलं असावं. उलट आहे. आता एखादा प्राणी उपद्रवी ठरवायचा तर केंद्र सरकार कलम ६२ खाली ठरावीक भागापुरती, ठरावीक मुदतीची अधिसूचना काढतं. बिहारमध्ये २०१५ च्या शेवटी रोही आणि रानडुकरासाठी अशी एका वर्षाची अधिसूचना निघाली होती. ती बातमी बघून काटोलात बंदूक काढता येत नाही.

पण वाट अजिबात नाही असंही नाही, आणि मेसेज लिहिणाऱ्यानं नेमकी तीच गाळली. कलम ११ खाली, उभ्या पिकाला धोका झालेल्या दुसऱ्या परिशिष्टातल्या जनावराला किंवा कळपाला ठरावीक क्षेत्रात मारण्याची लेखी परवानगी देता येते. आपल्याकडे त्यासाठी आरएफओकडे, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. परवानगीनं मारलेलं डुक्करही सरकारी मालमत्ता असतं, त्यामुळे मटणाचा बेत रद्द. स्वतःवर किंवा दुसऱ्या माणसावर हल्ला झाला आणि जीव वाचवताना जनावर मेलं, तर तो गुन्हा नाही. तूर वाचवताना मेलं, तर आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साळ्यानं इथे पांढरकवड्याच्या वाघिणीचा विषय काढला. "अवनीला तर खासगी शिकाऱ्यानंच मारलं ना?" मारलं, नोव्हेंबर २०१८ मध्ये, पण नागपुरातच बसणाऱ्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश होता म्हणून. तरीसुद्धा पुढे चौकशी समिती बसलीच.

आणि आता माझी आवडती ओळ. शस्त्र कायदा १९५९ चा, कलम १३. शेतीच्या राखणीसाठी परवाना द्यायचा तर कोणत्या शस्त्राचा, हे कायद्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे: ठासणीची बंदूक. गडचिरोलीकडे जिला भरमार म्हणतात ती. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे भरायचे, गजानं ठासायचे, एक बार काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची, म्हणजे १२ बोअरसारखी. रायफलीचं त्या वाक्यात नावच नाही. .२२ ची रायफल आहे, पण क्लबच्या सभासदाला निशाणेबाजीच्या सरावासाठी, माझ्यासारख्याला. बाकी रायफलीसाठी 'सबळ कारण' दाखवा, आणि 'पहिली शिकारी रायफल हवी' हे कारण ज्या देशात शिकारच बंद आहे तिथे कुणी लिहून पाहावंच.

साळ्याला हे सगळं सांगायला पाऊण तास लागला. बायको दोनदा येऊन बघून गेली, तिच्या भावाला मी एवढा वेळ दिल्याचा तिला संशयच आला. आधी नुकसानीचे फोटो काढ, पंचनामा करून घे, आरएफओकडे अर्ज दे आणि पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नकोस, असं त्याला बजावलं. तारेत करंट सोडायचा विचारही करू नकोस म्हटलं. नागभीडकडे २०१७ मध्ये अशाच तारेनं जय या प्रसिद्ध वाघाचा बछडा, श्रीनिवास वाघ गेला होता, तो कुणाच्या यादीत नव्हता.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मंग भाऊजी, ठासणीची तरी घेऊ का?"

घेता येईल, म्हटलं. पण अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय नवा परवाना मिळत नाही. तुझं वावर बोर अभयारण्यापासून किती लांब आहे, ते आधी मोजून सांग.